तळ बघून भांडं घ्यावं

इंडक्शन घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती शेगडीची. किती वॅटची, बटणांची की टचची, दिवाळीच्या सेलमध्ये केवढ्याला पडेल. भांड्यांचा विषय निघतो तो शेगडी ओट्यावर बसून तिने पहिलंच पातेलं नाकारल्यावर. पडद्यावर ई आणि पुढे एखादा आकडा येतो, टिंग टिंग होतं आणि सगळं बंद. मग शेजारीपाजारी विचारपूस सुरू होते. आमच्या इमारतीत ही विचारपूस बहुतेक वेळा फिरून माझ्या दारात येते.

घरात पाइपचा गॅस असूनही माझा निम्म्याहून जास्त स्वयंपाक इंडक्शनवर होतो. त्याला कारण पुण्याचा एप्रिल-मे. स्वयंपाकघर पश्चिमेला, पंखा लावला तर गॅसची ज्योत फडफडते आणि नाही लावला तर मी. इंडक्शनवर पंख्याखाली उभं राहून आमटी उकळता येते, एवढ्यावर मी खूश आहे. असा स्वयंपाक करताना भांड्यांबद्दल जे कळलं ते लिहिते. मुद्दे पुढेमागे वाचलेत तरी चालेल, पहिला मात्र वगळू नका.

१. शेगडी तापत नाही, भांडं तापतं

काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होते आणि वर सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात लोखंडी तळ आला की तळातच विजेचे भोवरे फिरू लागतात. धातू त्यांना अडवतो आणि त्या अडवणुकीतून उष्णता निघते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच, आपण दहावीला आकृती काढून मार्क मिळवले होते ते. अमेरिकेत १९५०च्या दशकात फ्रिजिडेअरवाले शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवायचे, कागद शाबूत राहायचा. घरी हा प्रयोग करू नका. पाणी शंभर अंशांवर थांबतं, तळणीचं तेल दोनशेच्या घरात जातं.

सांगायचं एवढंच, की गॅसवर जे काम ज्योत करते ते इथे भांड्याचा तळ करतो. पातळ, पोचे आलेलं, एका बाजूला कललेलं पातेलंही गॅसवर चालून जातं, कारण ज्योत त्याला खालून आणि कडेने धरते. इंडक्शनवर तळ जसा, तशी आच. म्हणून साधी शेगडी आणि जाड, सपाट तळाचं भांडं ही जोडी महागडी शेगडी आणि पत्र्याचं पातेलं या जोडीपेक्षा केव्हाही चांगला स्वयंपाक करते. बजेट ठरलेलं असेल तर शेगडीतले पैसे कमी करा.

२. चुंबक पर्समध्ये ठेवा आणि तळालाच लावा

आमच्या आयांच्या पिढीला उलटं शिकवलेलं होतं. चुंबक चिकटलं तर स्टील हलकं, नाही चिकटलं तर अस्सल. भांड्यांच्या दुकानात बायका खिळा किंवा चुंबक लावून बघायच्या आणि चिकटलं तर भांडं खाली ठेवायच्या. आता त्यांच्याच सुना चुंबक चिकटेना म्हणून भांडं खाली ठेवतात. दुकानदार बिचारा दोन्हीकडून ऐकून घेतो.

दोघींचंही बरोबर आहे. खाण्याच्या भांड्यांसाठी नावाजलेलं स्टील म्हणजे ३०४ ग्रेडचं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, खोक्यावर १८/८ लिहिलेलं असतं ते हेच. क्रोमियममुळे ते गंजत नाही आणि निकेलमुळे चुंबकाला दाद देत नाही. ४३० ग्रेडमध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्यामुळे ते चुंबकाला चिकटतं आणि इंडक्शनवर तापतं. चांगल्या भांड्यात हे दोन्ही असतं: अन्नाला लागणारी आतली बाजू ३०४ची, शेगडीला टेकणारी बाहेरची ४३०ची.

यात एक मेख आहे. आईच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेलं स्टील ३०४च असेल असं नाही. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०२ हे स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. आणि तीन थरांच्या भांड्याला आतून चुंबक लावलं तरी बाहेरच्या थराची ओढ जाणवतेच. म्हणजे आतलं स्टील कोणतं हे चुंबक सांगू शकत नाही. त्यासाठी भांड्यावरचा शिक्का बघायचा आणि बिलावर ग्रेड लिहून मागायची. स्टीलच्या स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे भारतीय मानक आहे, आणि २०२४ मध्ये केंद्राने अशा भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. ज्या दुकानात बिलावर ३०४ लिहून द्यायला खळखळ करतात, तिथे मी वाटी-चमचे घेते, पातेलं घेत नाही.

तुळशीबागेत शेजारच्या वहिनींसाठी पातेलं बघत होतो. दुकानातल्या मुलाने चुंबक पातेल्याच्या काठाजवळच्या वळणावर टेकवलं. "बघा काकू, चिकटलं. इंडक्शनला एकदम पळतं." चुंबक खरंच लटकून राहिलं होतं, जेमतेम. मी ते उचलून तळाला लावलं, ते घसरून काउंटरवर पडलं. "तिथं पॉलिश जास्त झालंय," मुलगा म्हणाला. हजरजबाबीपणाबद्दल त्याला पूर्ण गुण. पण ३०४चा पत्रा प्रेसमध्ये ओढून भांडं घडवताना जिथे धातू सगळ्यांत जास्त ताणला जातो, तिथे त्याच्यात थोडं चुंबकत्व येतं. काठाला चिकटणारं आणि तळाला न चिकटणारं पातेलं म्हणजे चांगलं पातेलं, फक्त इंडक्शनचं नव्हे.

३. चिकटलं म्हणजे चाललं असं नाही

ॲल्युमिनियमच्या स्वस्त तव्यांना आणि पॅनना इंडक्शनसाठी तळाला स्टीलची जाळीदार चकती दाबून बसवतात. उलटं करून बघितलं की तळावर गोल गोल ठिपके दिसतात: ठिपक्यांत ॲल्युमिनियम, आजूबाजूला स्टील. चुंबक चिकटतं, शेगडीही भांडं ओळखते, पण तापणारा भाग अर्धामुर्धाच. काही भांड्यांत चकती तळापेक्षा बरीच लहान असते. तळ वीस सेंटिमीटर, चकती बारा. अंडं फोडलं की पिवळं शिजतं आणि पांढऱ्याची कड पाणीदार राहते.

म्हणून तळाला सलग चकती असलेलं भांडं घ्यावं. दुकानात इंडक्शन लावून दाखवायची सोय असेल तर अर्धा लिटर पाणी ठेवून बघायला लाजू नये. १८०० वॅटच्या शेगडीवर चांगल्या तळाचं भांडं ते दोन मिनिटांच्या आसपास उकळतं. बुडबुडे कुठून येतात तेही बघा. सगळ्या तळावरून आले तर उत्तम.

४. तोंड नव्हे, तळ मोजा

कढईचं माप दुकानात तोंडाचं सांगतात. चोवीस सेंटिमीटरची कढई म्हणजे वरून चोवीस. खाली तिचा सपाट भाग तेरा-चौदाच भरतो. गॅसवर याने काही बिघडत नाही, इंडक्शनवर सगळं बिघडतं, कारण टेकलेला भाग तेवढाच तापतो. माझ्या पर्समध्ये चुंबकाशेजारी शिंप्याची टेपही असते. घरगुती सुट्या शेगडीच्या वेटोळ्याचा व्यास साधारण पंधरा ते अठरा सेंटिमीटर धरा आणि कढईचा तळ त्याच्या जवळपास बघा. गोल बुडाची कढई अर्थातच बाद.

उलट टोकाला फोडणीचं कढलं. बारा सेंटिमीटरहून लहान तळ बहुतेक शेगड्या ओळखतच नाहीत. काचेवर चमचा राहिला तर तो तापू नये म्हणून ही सोय आहे, पण तिच्यात आपलं कढलं सापडतं. यावर लोक नाना उपाय करतात. मी आमटीची फोडणी आधी त्याच पातेल्यात करते आणि वरण त्यावर ओतते. कोशिंबिरीची फोडणी गॅसवर. वरून फोडणी हवीच असेल तर तेरा-चौदा सेंटिमीटर तळाचं लहान सॉसपॅन मिळतं, पण त्यात चमचाभर तेल इतकं पसरतं की मोहरी तडतडण्याआधी तेल धुरायला लागतं. पॅन कलता धरावा तर शेगडी बंद.

टेपबरोबर फूटपट्टीही न्या. भांडं उलटं करून तळावर पट्टी उभी ठेवायची. मधोमध अगदी किंचित फट दिसली तर हरकत नाही. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि तळ सपाट बसतो. पट्टी मधे टेकून दोन्ही बाजूंना डुलत असेल तर ते भांडं काचेवर गरगर फिरणार. कंपनीचं नाव तळाला ठसठशीत उठावात कोरलेलं असेल किंवा कडेने रिंग असेल, तर तेही नको. काचेच्या मधोमध खालून तापमान मोजणारा सेन्सर असतो. तळ काचेला टेकला नाही तर त्याला खरं तापमान कळत नाही आणि 'मिल्क', 'डोसा' ही बटणं अंदाजपंचे चालतात.

५. जाडी कुठे हवी आणि कुठे नको

सगळ्यांत जास्त पैसे इथे लागतात आणि इथेच फुकटही जातात.

स्टील उष्णता पसरवायला फार मंद. ॲल्युमिनियम त्याच्या दहा-पंधरा पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शेगडीखालचं वेटोळं मधे पोकळ असतं, त्यामुळे तळ कड्यासारखा तापतो: मधे कमी, बाहेर कमी, मधल्या पट्ट्यात जोरात. एकेरी स्टीलच्या तळाला ती उष्णता वाटून घेता येत नाही. स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम असेल तर ते पसरवायचं काम करतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कोरड्या भांड्यात दोन चमचे कणीक पातळ पसरा आणि मध्यम आचेवर ठेवा, न हलवता. पातळ तळाच्या भांड्यात थोड्याच वेळात तांबूस कडं उमटतं, मधे पांढरी कणीक तशीच, बाहेरही पांढरी. कडं काळं पडून धूर निघू लागतो तरी मधली कणीक कच्ची असते. तीन थरांच्या कढईत सगळी कणीक सावकाश, जवळजवळ एकसारखी बदामी होते. रवा भाजताना, बेसनाचे लाडू करताना, पिठलं आटवताना हेच घडत असतं; फक्त तेव्हा आपण ढवळत असतो म्हणून दिसत नाही आणि 'लागलं वाटतं' म्हणून मोकळे होतो.

बाजारात दोन प्रकार मिळतात. ट्रायप्लायमध्ये तीन थर तळापासून काठापर्यंत जातात. एकूण जाडी साधारण अडीच मिलिमीटर. सँडविच तळात फक्त बुडाला ॲल्युमिनियमची जाड चकती आणि तिच्याखाली ४३०ची पट्टी, बाजूच्या भिंती एकेरी. दुकानदार ट्रायप्लायच गळ्यात मारतात, कारण ते महाग. माझं मत असं, की ट्रायप्लाय कढईला हवं, पातेल्याला नको. कढईत पदार्थ बाजूंवर चढतो, परतला जातो, तिथे भिंतही गरम लागते. वरण, आमटी, खीर, बटाटे उकडणं, चहा यांत पाणी स्वतःच फिरून उष्णता वाटतं. त्यांना जाड सँडविच तळ पुरे. सँडविच तळाची एक जुनी तक्रार आहे, की चकती जिथे संपते त्या कोपऱ्यात अन्न करपतं. ती गॅसवरची तक्रार. तिथे ज्योत चकतीबाहेर जाऊन पातळ भिंतीला चाटते. इंडक्शनवर ज्योतच नाही.

जाड तळाचा आणखी एक उपयोग मंद आचेला होतो. साध्या शेगड्या पाचशे-सहाशे वॅटला खरंच मंद होत नाहीत. काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद बंद. कान दिला तर घूं आवाज येतो आणि थांबतो, येतो आणि थांबतो. पातळ पातेल्यात दूध त्या तालावर वर येतं आणि खाली बसतं, आणि एखाद्या वेळी खाली बसायचं विसरतं. जाड तळ मधल्या बंद काळात उष्णता धरून ठेवतो. सासूबाईंना बासुंदी इंडक्शनवर होते हे पटायला जाड तळाचं पातेलंच कामी आलं. माझ्या युक्तिवादाने ते झालं नसतं.

पातेलं गुणगुणतं अशी तक्रार घेऊनही लोक येतात. थरांच्या भांड्यांतून पूर्ण आचेवर बारीक सूं असा आवाज येतो, आच कमी केली की थांबतो. ते चालायचंच.

६. बिडाचा तवा

इंडक्शनसाठी बीड हे सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत स्वस्त उत्तम साहित्य आहे. कोटिंग नाही, थर सुटायची भीती नाही, चुंबक तर असं बसतं की उपटून काढावं लागतं. थालीपीठ, धिरडी, आंबोळ्या, घावन, पुरणपोळी, सगळं यावर देखणं होतं. फक्त घाई चालत नाही. बीडही उष्णता सावकाशच पसरवतं, त्यामुळे थेट २००० वॅट लावले तर कडं तापतं, बाकीचा तवा गार, आणि अशा ओढाताणीत बिडाला तडा जाऊ शकतो. मी चारशे-पाचशे वॅटवर पाच-सात मिनिटं तापू देते, तोवर पीठ मळून होतं. मग हवी तेवढी आच. दुसऱ्या थालीपिठानंतर तवा इतका मुरलेला असतो की आच कमीच करावी लागते.

घेताना तवा उलटा करून तळावरून तळहात फिरवा. वाळूच्या साच्यातून आलेला खरखरीत, दाणेदार तळ काचेवर रेघा ओढतो. तवा उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. विशेषतः ज्यांना ओटा पुसताना सगळं एका हाताने बाजूला सारायची सवय आहे त्यांना. कढई बिडाची घ्यायचा मोह होतो, पण मनगट आपलं आहे हे लक्षात ठेवावं. भरलेली कढई एका हाताने कलती करता आली नाही तर ती माळ्यावरच जाते.

लोखंडी पत्र्याचा तवाही चालतो, सपाट असेपर्यंत. पोळीचा आपला नेहमीचा तवा मधे खोलगट असतो, तो इथे उपयोगाचा नाही. पातळ पत्रा जोरात तापवला की मधून फुगतो आणि मग पोळी टाकली की तवाच फिरतो. तीन-चार मिलिमीटर जाडीचा सपाट तवा मागा.

आणि भाकरी. पोळी इंडक्शनवर चांगली होते. फडक्याने दाबत दाबत फुगवली की झालं. भाकरी तव्यावरच दाबून शेकता येते, पोटही सुटतं, पण पाणी लावलेली बाजू वर घेऊन ज्वाळेवर धरल्यावर जे होतं ते होत नाही. ज्वारीची भाकरी ताटात असेल तर मी गॅस पेटवते. भरताचं वांगं आणि पापड यांची तर चर्चाच नको.

७. नॉनस्टिक रिकामं तापवू नका

टेफ्लॉनचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो. गॅसवर तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. इंडक्शनवर पातळ पॅन बघता बघता पोचतो, आणि ज्योत दिसत नसल्यामुळे कळतही नाही. आधी तेल, मग बटण, आणि मध्यमच्या वर जायचं नाही. हार्ड ॲनोडाइज्ड भांडी म्हणजे ॲल्युमिनियमच; तळाला स्टील बसवलेलं असेल तरच चालतील. खोक्यावर स्प्रिंगच्या वेटोळ्याचं चिन्ह असतं ते शोधा.

८. कुकरच्या शिट्ट्या विसरा

ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही. इंडक्शन तळाचा स्टीलचा कुकर घ्यावा. कुकरला आयएसआय चिन्ह २०२० च्या आदेशाने सक्तीचं झालं आहे, मानक आयएस २३४७. ते झाकणावर-बुडावर नीट बघून घ्या, कारण इथे प्रश्न स्टीलच्या ग्रेडचा नाही, झाकण उडण्याचा आहे.

इंडक्शनवर कुकर फार लवकर दाबावर येतो. गॅसवर पहिली शिट्टी होईपर्यंत जो वेळ जातो, त्यातही डाळ थोडीफार शिजत असते. इथे तो वेळच मिळत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे तीन शिट्ट्यांत वरण होतं' हे गणित कोलमडतं: तीन झटपट शिट्ट्या आणि खाली टणक डाळ. मी पहिल्या शिट्टीनंतर आच चारशे-पाचशे वॅटवर आणते आणि मिनिटं मोजते. भिजवलेली तूरडाळ आठ-दहा मिनिटांत मऊ होते. शेगडीला टायमर आहे, तो लावून दुसऱ्या कामाला जाता येतं. हे सुख गॅसवर नाही.

कुकर कधी पाणी आटून कोरडा तापला असेल तर पुन्हा फूटपट्टी लावून बघा. तळ बाहेर फुगला असेल तर तो इंडक्शनवरून निवृत्त.

९. काचेची शेगडी म्हणजे इंडक्शनच असं नाही

इन्फ्रारेडच्या शेगड्या दिसायला अगदी तशाच असतात. त्यांच्यात काचेखाली तापणारी तार असते, काच लाल होते आणि पितळेपासून ॲल्युमिनियमपर्यंत कुठलंही सपाट भांडं चालतं. भाची जर्मनीला शिकायला निघाली तेव्हा 'तिथे काचेची शेगडी आहे' एवढंच घरमालकाने कळवलं होतं. दोन्ही प्रकार तिकडच्या घरांत असतात. अशा वेळी इंडक्शन तळाचं भांडं घेतलं की प्रश्न मिटतो, ते दोन्हीकडे चालतं. तिच्या बॅगेत तीन लिटरचा स्टीलचा कुकर आणि एक ट्रायप्लाय कढई गेली. वजनाच्या काट्यावर लोणच्याच्या बरणीला माघार घ्यावी लागली.

१०. प्लग आणि बिल

२००० वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. बिलाचा धसका घेणाऱ्यांसाठी: लिटरभर पाणी उकळायला साधारण एक दशांश युनिट लागतं.

११. पितळेला पितळेच्या जागी ठेवा

इंडक्शनच्या उत्साहात आजीची पितळी पातेली मोडीत निघालेली मी बघितली आहेत, आणि त्यांच्या बदल्यात आलेली हलकी भांडीही. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम इंडक्शनवर चालत नाही. तांब्याच्या तळाची स्टीलची भांडी, जी आपल्याकडे लग्नात हमखास येतात, तीही बहुतेक चालत नाहीत. मग कोणीतरी सांगतं की लोखंडी चकती मिळते, ती शेगडीवर ठेवायची आणि वर कुठलंही भांडं. चकती तापते हे खरं. पण मग ती साधी तव्यासारखी शेगडी झाली. चकतीची उष्णता वर जाते तशी खाली काचेतही कोंडते, शेगडी गरम होऊन मधेच बंद पडते, आणि चकती किती तापली याचा अंदाज राहत नाही. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. भाजी थोडी कोरडी पडली आणि चकती तापलेली असली तर कल्हई गेलीच समजा. पितळी पातेल्यात कढी करायची ती गॅसवर, मंद, कल्हई नीट असताना. एक बर्नर त्यासाठी राखून ठेवा.

१२. सेट घेऊ नका

सात भांड्यांच्या सेटमध्ये झाकणंही मोजलेली असतात. चौघांच्या घराला सुरुवातीला लागतं ते असं: वीस सेंटिमीटरचं सँडविच तळाचं पातेलं, सोळाचं लहान पातेलं दूध-चहाला, चोवीसची ट्रायप्लाय कढई पण तळ सोळाच्या पुढचा, सपाट बिडाचा तवा आणि कुकर. बाकीचं एकेक करून, गरज पडली की. कढईला घट्ट बसणारं झाकण असावं. पारदर्शक असलं तर बरं, कारण इथे ज्योत बघून आचेचा अंदाज घेता येत नाही, पदार्थच बघावा लागतो.

भांडं घेऊन झालं की दुकानदार विचारतो, "नाव घालायचं का?" जरूर घाला, लग्नामुंजीत भांडी बदलतात. पण मशीन हातात घेतलं की तो सवयीने भांडं उलटं करतो आणि तळाला टोक टेकवतो. थांबवा त्याला. कोरताना अक्षरांच्या कडा वर उचलल्या जातात आणि त्या काचेवर घासतात. नाव कानाखाली, बाजूच्या भिंतीवर घालायला सांगायचं. तो म्हणेल की तिथे दिसतं, बरं नाही दिसत. दिसू दे म्हणावं.